गहू न चालणाऱ्यांनी बिस्किट कोणतं खावं?
सिलियाक आजार, पुड्यावरची बारीक अक्षरं आणि आपली मालदांडी

जेऊर : पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊर स्टेशनवर उतरून बाजारपेठेकडे निघालं की चहाच्या टपऱ्या लागतात. प्रत्येक टपरीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. त्यांत खारी, टोस्ट, बटर, नानकटाई आणि ग्लुकोज बिस्किटाचे पुडे असतात. ऊसतोडीला निघालेला मजूर असो, केळीची गाडी भरायला आलेला हमाल असो की तहसिलीच्या कामाला करमाळ्याला निघालेला शेतकरी असो, चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली की त्याची सकाळची न्याहारी होते. पाहुणा लेकराबाळांच्या घरी जातो तोही रिकाम्या हाताने जात नाही. पिशवीत बिस्किटाचा पुडा असतोच.

या सगळ्या बरण्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे गव्हाचा मैदा. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण काही माणसं अशी आहेत की त्यांच्या पोटात गव्हाचा कण गेला तरी आतडं सोलवटून निघतं. या आजाराला सिलियाक म्हणतात. अशा लेकराला घरी भाकरी देता येते, भात देता येतो. अडचण येते ती बिस्किटाची. शाळेतली पोरं पुडा फोडून खातात तेव्हा हे पोर बघत बसतं. बघून बघून एक दिवस चोरून खातं आणि महिनाभर आजारी पडतं. म्हणून गहू नसलेलं आणि तरी चवीला बरं असलेलं बिस्किट कुठलं, हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी त्या घराच्या दृष्टीने मोठा आहे.

आजार आहे तरी काय?

आपल्या बायका उन्हाळ्यात कुरडया करतात. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा आणि त्याचा पांढरा चीक काढायचा. कणकेचा गोळा पाण्यात धुऊन पाहिला तरी तसंच होतं. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो चिवट गोळा म्हणजेच ग्लुटेन. हे गव्हातलं प्रथिन आहे. याच्यामुळे चपाती ताणली जाते, पाव फुगतो. जव म्हणजे सातू आणि परदेशातलं राय हे धान्य यांतही याच जातीची प्रथिने असतात.

सिलियाक असलेल्या माणसाचं शरीर या ग्लुटेनला शत्रू समजतं आणि त्या नादात स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. हल्ल्यात ते झिजून सपाट होतात. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. पाट फुटला की विहिरीचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तशातला प्रकार.

हा आजार गव्हामुळे होतो हे कळायला जगाला बराच काळ लागला. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी आजारी मुलांचा आहार बारकाईने पाहिला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात पावाचा दुष्काळ पडला. लोक उपाशी मरत होते, पण या आजाराची मुलं पावावाचून सुधारत होती. पाव पुन्हा मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाकडे बोट दाखवलं.

आपल्याकडे आहे का हा आजार?

देशाच्या तीन भागांत सुमारे २३ हजार प्रौढ माणसांची तपासणी करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडं जास्त, ईशान्य भारतात शंभरात जवळपास एक, तर दक्षिणेत हजारात एक माणूस या आजाराचा आढळला. विशेष म्हणजे, आजाराला पोषक असणारी जनुकं तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात होती. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. उत्तरेत रोज गहू, दक्षिणेत रोज भात.

आपला सोलापूर जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर जगला. गव्हाची चपाती सणावाराला आणि पाहुण्यांसाठी व्हायची. आता चित्र बदललं आहे. शिधापत्रिकेवर गहू मिळतो, १ जानेवारी २०२३ पासून तर तो अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांना मोफत झाला. दारात बेकरी आली, दुकानात पुडे आले. भाकरी थापायला वेळ लागतो, बिस्किट फोडायला लागत नाही. गहू वाढला तसा ज्यांच्या अंगात हा दोष आहे त्यांचा आजार वर येण्याची शक्यताही वाढली, हे ध्यानात घेणे गरजेचे आहे.

लक्षणं आणि तपासणी

सारखे जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे, उंची खुंटणे ही मुलांमधली लक्षणं आहेत. मोठ्या माणसांत पोटाची तक्रार नसतानाही आजार असू शकतो. रक्त कमी, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, हाडं ठिसूळ, तोंड सारखं येणे, कायम थकवा अशी त्याची रूपं असतात. लहानपणापासून इन्शुलिन घ्यावं लागणारा मधुमेह आणि थायरॉइडचे काही विकार यांच्या जोडीनेही तो आढळतो. घरात एकाला असेल तर आईबाप, भावंडं आणि मुलं यांनीही तपासून घ्यावं.

तपासणी दोन पायऱ्यांची आहे. आधी रक्ताची एक ठरावीक तपासणी, आणि तीत शंका आली तर दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहणे. इथे एक चूक हमखास होते. कुणी तरी सांगतं, 'गहू बंद करून बघा.' मग घरचे गहू बंद करतात, बरं वाटतं, आणि नंतर तपासणीला जातात. गहू बंद असेल तर रक्त आणि आतडं दोन्ही सुधारलेले असतात, आजार सापडतच नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. गव्हाने पोट बिघडणाऱ्या प्रत्येकाला सिलियाक असतो असंही नाही. निदान डॉक्टरांनीच करावं.

एकदा निदान झालं की औषध एकच, गहू आणि जव जन्मभर बंद. 'थोडंसं चालतं' हा हिशेब इथे चालत नाही. एका मध्यम चपातीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं तपासण्यांत दिसलं आहे. म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग. लहान घासाचाही तुकडा तो.

पुड्यावरची बारीक अक्षरं

दुकानात 'ज्वारीचं बिस्किट', 'नाचणीचं बिस्किट', 'मल्टिग्रेन' अशी नावं आता दिसतात. नाव वाचून घेतलं तर फसगत होते. पुड्यामागे घटकांची यादी असते आणि जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. बऱ्याच ज्वारी-नाचणीच्या बिस्किटांवर पहिलं नाव मैद्याचं किंवा आट्याचं असतं, ज्वारी मागे कुठे तरी. मधुमेहींसाठी म्हणून विकली जाणारी बिस्किटंही बहुतेक गव्हाचीच असतात. 'ग्लुकोज' या नावानेही घोटाळा होतो. ग्लुकोज ही साखर आहे, तिचा त्रास नाही. पण ग्लुकोज बिस्किट मैद्याचं असतं.

यादी इंग्रजीत असली तरी काही शब्द पाठ करून ठेवले की काम भागतं. व्हीट, रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, मैदा, आटा, सेमोलिना म्हणजे रवा, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि राय यांपैकी एकही शब्द दिसला की पुडा खाली ठेवावा. माल्ट हे जवापासून करतात. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत आणि मक्याच्या पोह्यांतही ते असतं. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसलं तरी शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हात मिसळलेलं असतं. म्हणून ग्लुटेनमुक्त असा दाखला असलेलेच ओट्स आणि तेही डॉक्टरांना विचारून घ्यावेत. यादीच्या खाली 'कंटेन्स' या शब्दापुढे गहू किंवा ग्लुटेन लिहिलेलं आहे का, तेही बघावं. ते लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे.

पुड्यावर 'ग्लुटेन-फ्री' असं लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे शंभर ग्रॅमचा अख्खा पुडा संपवला तरी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम पोटात जाईल. एवढं बहुतेक रुग्णांना सोसतं. सिलियाकच्या माणसाने हा शब्द असलेलाच पुडा घ्यावा. नुसतं 'मैदा नाही' असं लिहिलेलं असेल तर गहू नाही असा त्याचा अर्थ होत नाही, कारण आटाही गव्हाचाच असतो.

चव का बिघडते?

असा पुडा मिळाला तरी पहिल्या घासाला बरेच जण तोंड वाकडं करतात. कोरडा, भुसभुशीत, जिभेला वाळूसारखा लागतो ही नेहमीची तक्रार. त्याचं कारण सरळ आहे. ग्लुटेन काढलं की पीठ धरून ठेवणारं काही उरत नाही. मग कारखानदार तांदळाचं पीठ, मक्याचा आणि टॅपिओकाचा स्टार्च घालतात. स्टार्चला स्वतःची चव नाही, म्हणून साखर आणि पामतेल वाढवतात. असं बिस्किट गोड लागतं, पण खमंग लागत नाही, आणि त्यात सत्त्वही कमी असतं.

तरी एक गोष्ट बिस्किटाच्या बाजूची आहे. पाव फुगवायला आणि चपाती लाटायला ग्लुटेन लागतंच, बिस्किटाला तितकं लागत नाही. उलट नानकटाई करताना पीठ जास्त मळू नका असं सांगतात, ते ग्लुटेन चिवट होऊ नये म्हणूनच. त्यामुळे गव्हावाचून चांगला पाव करणं अवघड, पण चांगलं बिस्किट करता येतं.

निवड करताना यादीत पहिलं नाव ज्वारी, नाचणी, राजगिरा किंवा बदाम-शेंगदाण्यासारख्या दाण्याचं असेल, आणि स्टार्च मागे असेल, तर चव बरी निघते. दाण्याचं तेल पिठाला धरून ठेवतं आणि कोरडेपणा जातो. लोणी किंवा तूप असलेलं बिस्किट पामतेलाच्या बिस्किटापेक्षा खमंग. बाजरीच्या बिस्किटाची तारीख नीट बघावी. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्याने ते लवकर कडू होतं, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. नाचणी त्या मानाने टिकते. पुडा फोडल्यावर बिस्किटं लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात घालावीत. दमट हवेत ती लवकर मऊ पडतात.

किंमत हा खरा अडसर आहे. साध्या बिस्किटाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. लहान गावच्या किराणा दुकानात असा माल सहसा नसतो, कारण उठाव नाही. पुण्या-सोलापूरला जाणाऱ्याकडून मागवणे किंवा टपालाने, कुरियरने मागवणे हाच मार्ग राहतो. दुकानदाराशी बोलून महिन्याला ठरलेले पुडे घेण्याची हमी दिली तर तोही आणून देईल. नाही तर उठाव नसलेला माल कोण भरणार?

उपासाचा डबा उपयोगी

महाग पुड्यावाचूनही गोड खाऊची सोय आपल्याच दुकानात आहे. उपासाचे पदार्थ आठवा. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, शेंगदाणा यांत गहू नाही. राजगिऱ्याची वडी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की लेकराच्या दप्तरात बिस्किटाच्या जागी चालते. ज्वारीच्या लाह्या, चुरमुरेही चालतात. मात्र शक्यतो बंद पुड्यातला माल घ्यावा. मैद्याच्या खारीत घातलेला हात त्याच बरणीत गेला असेल तर उपयोग नाही.

काही घरगुती पदार्थ फसवे आहेत. सातूचं पीठ, शेवया, कुरडई, थालीपिठाची भाजणी यांत गहू असतो. खपली गहू पथ्याचा म्हणून सांगतात, पण खपली हाही गहूच. त्यातही ग्लुटेन आहे. आणि सगळ्यात फसवा पदार्थ हिंगाचा. बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर वाचून, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो तो घ्यावा.

ज्वारी आपली, पण गिरणी सगळ्यांची

ज्वारीत ग्लुटेन नाही. ज्वारीच्या जनुकांचा संपूर्ण नकाशा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच्या तपासण्यांतही सिलियाकला घातक असणारी प्रथिने तीत सापडली नाहीत. आपल्या जिल्ह्यात तर ज्वारीचं माहेर आहे. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला आणि आजही रब्बीत त्याचा मान टिकून आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी 'फुले मधुर', लाह्यांसाठी 'फुले पंचमी', पापडासाठी 'फुले रोहिणी' असे वेगवेगळे वाण दिले आहेत.

पण शेतातली शुद्ध ज्वारी पोटात जाईपर्यंत शुद्ध राहत नाही. गहू आणि ज्वारी दोन्ही रब्बीची, मळणी यंत्र एकच. यंत्रात अडकलेले गव्हाचे दाणे ज्वारीत येतात. म्हणून अशा घराने ज्वारी दाणा दाणा निवडून घ्यावी. पुढे गिरणी. आधीच्या माणसाचं गव्हाचं दळण झालं की जात्यात आणि खोक्यात पीठ राहतं, ते आपल्या दळणात उतरतं. जमेल तर छोटी घरगुती गिरणी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. ते शक्य नसेल तर गिरणीवाल्याला सांगून जातं साफ केल्यावर आणि आधी तांदूळ-ज्वारीचीच दळणं झाल्यावर आपलं टाकावं, आणि सुरुवातीला उतरलेलं पीठ घरातल्या बाकीच्यांसाठी बाजूला काढावं. धोका यानेही कमीच होतो, पूर्ण जात नाही. घरात तवा, परात, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा.

घरची ज्वारीची नानकटाई

उन्हाळ्यात रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत बिस्किटं भाजून आणायची रीत आहे. सिलियाकच्या घराने ते करू नये. बेकरीच्या हवेत, पत्र्यावर, हातावर मैदाच असतो. त्यापेक्षा घरीच कढईत करावं.

दोन वाट्या बारीक चाळलेलं ज्वारीचं ताजं पीठ मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडं भाजून गार करावं. त्यात अर्धी वाटी घरी दळलेलं हरभरा डाळीचं पीठ, चिमूटभर मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलची घालावी. एक वाटी थिजलेलं तूप आणि पाऊण ते एक वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसावी. पीठ त्यात मिसळून गोळा करावा. गोळा फुटत असेल तर चमचाभर दूध घालावं आणि अर्धा तास झाकून ठेवावं. ज्वारीचं पीठ ओल हळू शोषतं, त्या अर्ध्या तासात रेवाळपणा कमी होतो. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, वर तिवई ठेवून झाकणासह दहा मिनिटं तापवावी. तूप लावलेल्या ताटलीत चपटे गोळे मांडून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजावेत. गरम असताना हात लावला की मोडतात. पूर्ण गार झाल्यावरच काढावेत.

बचत गटांना काम, पण जबाबदारीचं

गावोगावच्या महिला बचत गटांनी हे काम हाती घ्यायला हरकत नाही. ज्वारी आपली, हात आपले. सोलापूरला रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे, मोहोळला आणि खेडला कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रक्रियेची माहिती तिथे विचारता येते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली होती. आता कोणती योजना लागू आहे हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं.

मात्र ज्वारी वापरली म्हणून पुड्यावर 'ग्लुटेन-फ्री' छापता येत नाही. त्यासाठी जागा, भांडी, गिरणी वेगळी पाहिजे आणि प्रयोगशाळेची तपासणी पाहिजे. त्याच पत्र्यावर सकाळी मैद्याची नानकटाई आणि दुपारी ज्वारीची, असं केलं तर ते बिस्किट 'ज्वारीचं बिस्किट' म्हणून विकावं, रुग्णाला देऊ नये. इथे चुकीचा एक शब्द छापला तर त्याची किंमत कुणाचं तरी लेकरू मोजतं.

गावकीने काय करावं?

लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त न वाढणारी बाई किंवा पोटभर खाऊनही कुपोषितच राहणारं मूल आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या नजरेला सगळ्यात आधी पडतं. अशा वेळी 'घरचे खाऊ घालत नाहीत' असा शेरा मारण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ही शंका सांगावी. शाळा-अंगणवाड्यांची आरोग्य तपासणी करायला पथक येतं, त्यांच्याही कानावर घालावं. निदान झालेल्या मुलाचं नाव शाळेत मुख्याध्यापकांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना माहीत असावं. खिचडी तांदळाची असली तरी त्यातला हिंग बघावा, आणि पूरक आहार म्हणून बिस्किट वाटायचं असेल त्या दिवशी या मुलाला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. करमाळ्याच्या केळीपट्ट्यात केळ्याला तोटा नाही.

जत्रेत, लग्नात, सप्त्याच्या पंगतीत 'प्रसादाला नाही म्हणू नये' असा आग्रह होतो. शिऱ्याचा एक घासही कुणाला आजारी पाडू शकतो हे वाढणाऱ्याने समजून घ्यावं. आणि पाहुणे म्हणून अशा घरी जाताना पिशवीत बिस्किटाच्या पुड्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की न्यावी.